तीन नंबरच्या बाई

“बसून काय होणार?” असे म्हणून त्या उठत. उठताना कापडी पिशवी खुर्चीवर ठेवीत, पिशवीवर घडी घातलेला रुमाल ठेवीत आणि शेजारच्याकडे पाहून मान हलवीत. याचा अर्थ, खुर्ची राखून ठेवा. ज्या खोलीत त्या हे वाक्य म्हणत, तिथे बसण्यावाचून कोणालाही दुसरे काम नव्हते. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते थोडे टोचत असे. मलाही टोचले होते.

ती खोली ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, डायलिसिस केंद्राच्या बाहेर आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करतो. ज्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, अशा रुग्णाचे रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. प्रत्येक खेपेस चार तास जातात. रुग्ण आत खाटेवर असतो आणि त्याच्याबरोबर आलेला माणूस बाहेर बसतो. आत काय चालले आहे ते दिसत नाही. दार उघडले की यंत्रांचा आवाज येतो आणि स्पिरिटचा वास येतो, इतकेच. रुग्णाचा रक्तदाब एकाएकी उतरला किंवा एखादे इंजेक्शन तातडीने आणायचे असले, की सिस्टर दारात येऊन पुकारा करते. हा पुकारा नावाने होत नाही, खाटेच्या नंबराने होतो. “पाच नंबरचे नातेवाईक” असे म्हटले की मी उठतो, कारण माझी पत्नी पाच नंबरवर असते. त्या तीन नंबरच्या. त्यांचे नाव मला पुढे कळले, पण ते इथे लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही. त्या खोलीत आम्ही सारे नंबरांनीच एकमेकांना ओळखत होतो.

आमची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची. आम्ही डोंबिवलीहून येत असू, त्या आंबिवलीहून नवऱ्याला घेऊन येत. आंबिवलीत त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. मुलांना घरोघरी जाऊन बोलावून आणायचे, खिचडी शिजवायची, आणि महिन्यातून एकदा सर्व मुलांची वजने करताना सेविकाताईंना मदत करायची, अशी त्यांची कामे. डायलिसिसच्या दिवशी त्यांच्या जाऊबाई त्यांच्या जागी उभ्या राहत. वय बावन्न, बांधा स्थूल, आणि चाल मात्र अशी की जिन्यात त्यांच्यामागे राहिलेला माणूस मागेच राही.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर रुग्णाचे वजन करतात. दोन खेपांच्या मधल्या काळात प्यायलेले पाणी त्याच्या अंगातच साठते. ते किती साठले हे काट्यावर कळते. म्हणून अशा रुग्णाला दिवसाचे पाणी मोजून दिलेले असते. तीन नंबरचे गृहस्थ काट्यावरून उतरले की या चटकन त्यावर चढत.

“मावशी, काटा पेशंटसाठी आहे,” सिस्टर म्हणे.

“मग मी पण होणारच आहे ना पेशंट,” त्या आकड्यावरची नजर न काढता म्हणत. “ऑपरेशनच्या दिवशी तर होईन.”

त्यांना आपली एक किडनी नवऱ्याला द्यायची होती. रक्तगट जुळला होता. अडचण त्यांच्या वजनाची आणि किंचित वाढलेल्या रक्तदाबाची होती. डॉक्टरांनी सांगितले, “आठ किलो उतरवा, बीपी ताळ्यावर आणा, मग बाकीच्या तपासण्या करू.” आणि त्यांचा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणाले, “असं करा, तीन किलोमीटर न थांबता पळून दाखवा. मी स्वतः तुमची फाईल पुढे पाठवतो.”

डॉक्टर हे निम्मे थट्टेने बोलले होते. विद्यार्थ्याचा धीर सुटू नये म्हणून आम्ही शिक्षकही असे काहीबाही बोलत असतो. पण त्यांनी ते वाक्य परीक्षेची अट म्हणून घेतले. त्यानंतर पंधराच दिवसांत इमारतीच्या लिफ्टजवळ एक कागद चिकटवलेला दिसला. माजिवड्याला महिलांसाठी धावण्याची शर्यत, रविवारी सकाळी, अंतर तीन किलोमीटर. शर्यतीला साडेपाच महिने अवकाश होता.

“सर, हे बघा,” त्या मला हाताला धरल्यासारखे लिफ्टपाशी घेऊन गेल्या. “यांनी पण तीनच ठेवलंय.”

मी गणिताचा शिक्षक होतो, हे त्यांना माझ्या पत्नीकडून कळले होते. त्या आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या. शाळा चौथीत सुटली, आणि त्या शाळेला मैदान नव्हते. “मला तक्ता करून द्याल का? रोज किती ते लिहिलेलं असलं म्हणजे मी करीन. नुसतं कर म्हटलं की राहून जातं.”

निवृत्त शिक्षकाला याहून गोड विनंती कोणती असणार? मी घरी जाऊन चांगल्या पुठ्ठ्याच्या कागदावर बावीस आठवड्यांचा तक्ता आखला. तारीख, चालणे, धावणे, विश्रांती, वजन आणि शेरा, असे सहा रकाने. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सहा वेळा. मग धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवायची आणि चालण्याची कमी करायची. शरीर पाढ्यांसारखे शिकते, बेचा पाठ झाल्यावाचून तिनाचा घेऊ नये, हे मी त्यांना समजावून सांगितले. शेऱ्याचा रकाना मी माझ्याकडे ठेवला आणि त्यासाठी लाल शाईचे पेन बरोबर आणू लागलो.

“शाळा सुटली तुमची, आता दुसऱ्यांची भरवू नका,” पत्नी आत जाता जाता म्हणाली. “मी इथे तीन वर्षं पडलेय, मला नाही कधी तक्ता दिलात.”

“तुला डॉक्टरांनी दिलाय.”

“त्यांचं अक्षर कुठे लागतं?”

माझी किडनी तिला चालण्यासारखी नाही. वय आहे आणि मधुमेह आहे. त्यामुळे तिच्यासाठी मला करता येण्यासारखे काही उरलेले नव्हते. तीन नंबरच्या बाईंच्या तक्त्यात मी इतका का रमलो, याचे कारण आपल्या लक्षात आले असेलच.

धावायचे कुठे, हा प्रश्न होता. घरी सकाळ कामाची, संध्याकाळी नवऱ्याजवळ थांबायचे. उरले ते हे चार तास. पण केंद्राचा नियम असा की नातेवाइकांनी बोलावल्यावर दहा मिनिटांच्या आत हजर झाले पाहिजे. म्हणजे पाच मिनिटे जायचे आणि पाच मिनिटे यायचे, त्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही. आम्ही दोघांनी एका सकाळी इमारतीच्या फाटकापासून गल्ल्या चालून पाहिल्या. एका शाळेच्या कुंपणापर्यंत जाऊन, वळून, शिंप्याच्या दुकानावरून परत, असा मार्ग ठरला. फोन हातात धरायचा आणि सिस्टरने दोनदा हाक दिली तर मी लावायचा, हेही ठरले.

पहिल्या दिवशी त्या साडी वर खोचून, चपला घालून फाटकातून पळत निघाल्या. खालचा औषधांचा दुकानदार काउंटर ओलांडून रस्त्यावर आला. त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात वरच्या मजल्यावरून कोणी पळत आले, म्हणजे कोणाचा तरी जीव अडलेला असे.

“कोणतं? कोणतं इंजेक्शन?” तो त्यांच्यामागे चार पावले धावला.

“काही नाही हो भाऊ. मी आपली असंच पळतेय.”

“इथे असंच कोण पळतं?” तो म्हणाला.

वर खोलीतही तसेच झाले. त्या जिना धडधड उतरू लागल्या की सात नंबरच्या आजी हात जोडून डोळे मिटीत. हे कळल्यावर त्या फाटकापर्यंत अगदी सावकाश, बाजाराला निघाल्यासारख्या जात आणि कोपरा ओलांडल्यावर धावू लागत. “वरच्यांना धसका बसतो,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात साडीऐवजी पंजाबी ड्रेस आला, मग स्टेशनजवळून घेतलेले पांढरे बूट आले. दुकानदार आता “आज किती, ताई?” असे विचारू लागला, आणि त्या बोटांनी मिनिटे दाखवीत पुढे जात.

नवरा उंच, सडपातळ, बोलण्यात मिस्कील माणूस होता. आंबिवलीजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. तो कारखाना बंद पडल्यावर त्याने वॉचमनची नोकरी केली. बूट पाहून तो म्हणाला, “पळून जायचं वय होतं तेव्हा घरात बसलीस. आता कुठे निघालीस?”

“तुमच्यासाठीच निघालेय.”

“मला नको तुझं काही. तुझं तुझ्यापाशी राहू दे.”

हे मी प्रथम विनोद म्हणून ऐकले. पुढे पत्नीने सांगितले की आतमध्ये, यंत्र चालू असताना, तो तिला म्हणाला होता, “वहिनी, ही नापास झाली पाहिजे. दोघंही अधू झालो तर मुलीचं कोण बघणार?” त्यांना एक मुलगी होती, शिकत होती. मी ही गोष्ट बाईंना कळू दिली नाही. त्यांना ती ठाऊक असावी.

सातव्या आठवड्यात त्या सलग आठ मिनिटे धावल्या. वजन पाच किलो उतरले. खोलीत दहा वाजता चहा येत असे, तो त्यांनी एकदाही घेतला नाही. मी याला शिस्त समजलो आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिले, “चहा वर्ज्य. उत्तम.” धावून आल्यावर त्यांचे ओठ कोरडे पडलेले असत, कधी डोके धरून बसत. विचारले तर म्हणत, “ऊन लागलं असेल.” सकाळी आठच्या सुमारास नौपाड्याच्या त्या गल्ल्यांत ऊन नसते. हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवे होते.

दहाव्या आठवड्यात सात किलो उतरलेले पाहून डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. रक्त आणि चोवीस तासांची लघवी. त्यांना वाटले, आता परीक्षा जवळ आली. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी त्या तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा दुप्पट धावल्या.

अहवाल घेऊन डॉक्टर स्वतः बाहेर आले. “क्रिएटिनिन वाढलेलं आहे. लघवीतून प्रोटीन जातंय. तुमच्याच किडनीवर ताण दिसतोय, मग ती काढून मी दुसऱ्याला कशी देऊ?”

“पण मी बारा मिनिटं पळते आता,” त्या म्हणाल्या. “न थांबता.”

डॉक्टरांनी अहवाल पुन्हा पाकिटात घातला. दार अर्धे उघडे होते आणि तीन नंबरची खाट तिथून दिसत होती. नवऱ्याने सारे ऐकले होते. तो छताकडे पाहत हसला. कित्येक आठवड्यांत तो असा मोकळा हसलेला आम्ही पाहिला नव्हता. बाईंनी ते पाहिले. त्या दिवशी परत जाताना त्यांनी त्याला हात दिला, पिशवी घेतली, जिना उतरवला, पण त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही.

उत्तर चुकले की पायऱ्या पुन्हा तपासायच्या, ही माझी सवय. पुढच्या मंगळवारी मी त्यांना समोर बसवून एकेक प्रश्न विचारू लागलो. किती वाजता उठता, काय खाता, कोणत्या गोळ्या घेता. सगळे ठीक होते. मग विचारले, “पाणी किती पिता?”

“त्यांच्याइतकंच.”

मला नीट समजले नाही. मी पुन्हा विचारले.

“त्यांना दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय ना. मी सकाळी दोन सारख्या बाटल्या भरते. एक त्यांची, एक माझी. समोरच्यानं गटागटा प्यायलं की त्यांचा घसा हलतो, सर. बघवत नाही.”

“आणि चहा?”

“तो पण पाणीच ना.”

“अहो, पण इथे बाहेर, धावून आल्यावर तरी प्यायचं होतंत. इथे ते कुठे बघतात?”

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. “मग ते चोरून पिणं झालं.”

मी त्यांना तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि पेन खाली ठेवले. “कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल.”

“आणि यावर तुम्ही धावत होतात?”

“सरांनी तक्ता करून दिलेला,” त्या अभिमानाने म्हणाल्या आणि पिशवीतून तो काढून टेबलावर पसरला. डॉक्टरांनी सहाही रकान्यांवरून बोट फिरवले. ते “चहा वर्ज्य. उत्तम” या लाल शेऱ्यापाशी थांबले. मग त्यांनी शांतपणे विचारले, “सर, यात पाणी कुठे आहे?”

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की उदाहरण सोडवण्यापूर्वी काय दिले आहे ते लिहा आणि काय दिलेले नाही तेही लिहा. पाणी मी कुठेच लिहिले नव्हते.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, असे ठरले. रोज भरपूर पाणी प्यायचे, तपासणीच्या आधी तीन दिवस धावायचे नाही. त्या दिवशी जिन्याच्या वळणावर, भिंतीकडे तोंड करून, त्या पहिल्यांदा पूर्ण पेलाभर पाणी प्यायल्या. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. दोन घोट घेऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “गार आहे.” मग उरलेले संपवले.

घरी मात्र त्यांच्याने होईना. शेवटी ते नवऱ्याच्या कानावर गेले. कोणी घातले ते मी सांगत नाही. माझी पत्नी रागावली की आवाज खाली ठेवत नाही. शनिवारी यंत्र लावून झाल्यावर त्याने सिस्टरकडून बाईंना आत बोलावून घेतले. सिस्टर चांगली, तिने जाऊ दिले. पत्नी जवळच्याच खाटेवर होती, तिने मला सांगितलेले असे. तो म्हणाला, “पी. इथे, माझ्यासमोर.” त्या नको म्हणाल्या. तो म्हणाला, “दीड वर्ष मला कळलं नाही, याची लाज मला वाटू दे. तू पी. मला बघू दे तरी.” त्यांनी पेला तोंडाला लावला. त्याचा घसा हलला, पण त्याने नजर काढली नाही. पेला रिकामा झाल्यावर म्हणाला, “अजून एक.”

मी तक्त्याला पट्टी चिकटवून सातवा रकाना जोडला.

दुसरा अहवाल स्वच्छ आला. डॉक्टरांनी फाईल पुढे पाठवली, आणि किडनी डावी काढायची, हेही त्यांना सांगितले. किडनी देण्याआधी एका समितीपुढे दोघांना बसावे लागते, त्यासाठी दोन आठवड्यांनंतरचा बुधवार मिळाला. बाई त्या दिवशी खोलीतल्या सर्वांना शेंगदाण्याचे लाडू वाटत फिरल्या.  दोन खेपांनंतर नवऱ्याने माझ्या पत्नीला विचारले, “वहिनी, हिला फार दुखेल का हो?” पत्नी म्हणाली, “दुखेल. पण ती म्हणणार नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग मला बघावं लागेल.” त्याने होकार दिला, असे आम्ही धरून चाललो.

आमच्या पाळीला रविवार आणि सोमवार असे दोन दिवस ओळीने मोकळे येतात. या आजाराच्या घरांत त्या दोन दिवसांची भीती असते, कारण अंगात साठणारे सारे तेवढ्यात साठते आणि हृदयावर भार येतो. समितीच्या बुधवारआधीचा तो सोमवार होता, मोकळ्या दोन दिवसांतला दुसरा. बाई अंगणवाडीत होत्या, मुलांच्या वजनाचा दिवस होता. नवरा दारात खुर्ची टाकून बसला होता. दुपारी बाराच्या सुमारास शेजारणीने हाक मारली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

हे आम्हाला मंगळवारी केंद्रात कळले. सांगण्याआधीच कळले म्हणा, कारण तीन नंबरवर दुसरे एक गृहस्थ होते. तिथली खाट रिकामी राहत नाही, वाट पाहणाऱ्यांची यादी असते, आणि असलीच पाहिजे. साडेनऊच्या सुमारास सिस्टर दारात आली आणि म्हणाली, “तीन नंबरचे नातेवाईक.” कोपऱ्यातून एक अनोळखी तरुणी गडबडीने उठली. माझी पत्नी चारही तास भिंतीकडे तोंड करून पडून होती, असे सिस्टरने सांगितले.

बुधवारी मी आंबिवलीला गेलो. दोन खोल्यांचे घर, माणसे बसलेली. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “कमिटीला फोन करून कळवलं मी,” त्या म्हणाल्या. “नाहीतर ते वाट बघत बसले असते.” तक्ता भिंतीवर होता. त्यांची नजर तिकडे गेली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पहिल्या खेपेलाच पास झाले असते, तर.”

हे गणित मीही येताना करून पाहिले होते. सहा आठवडे तपासणीचे. पहिला अहवाल चांगला आला असता तर ते वाचले असते. त्यात समितीची तारीख बसली असती आणि शस्त्रक्रियाही बसली असती. कसेही मांडले तरी उत्तर तेच येत होते. मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनी मला थांबवले.

“तुमचं काही नाही, सर. बाटल्या मीच भरत होते.”

यानंतर त्यांचे माझे बोलणे संपले, असे मी समजून चाललो होतो. शर्यतीची तारीख माझ्या लक्षात होती, पण ती आता एका कागदावरची तारीख होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांचा फोन आला. “उद्या माजिवड्याला यायला जमेल का? वेळ लावायला कोणीतरी पाहिजे.”

मी घड्याळ घेऊन गेलो. सकाळची वेळ, मोठ्या कर्ण्यावर गाणी, एकसारखे रंगीत सदरे घातलेल्या बायका, हसणे, फोटो. कोणी आईला घेऊन आलेली, कोणी सासूला. बाई आपल्या नेहमीच्या पंजाबी ड्रेसमध्ये कडेला उभ्या होत्या, छातीवर कागदी नंबर टाचलेला.  त्या फक्त म्हणाल्या, “तुम्ही शेवटाला थांबा.”

मी शेवटाला थांबलो. पुष्कळ बायका आल्या, हात उंचावून आल्या, एकमेकींना धरून आल्या. त्या आल्या तेव्हा एकट्या होत्या, आणि नौपाड्याच्या गल्लीत येत तशाच, मान थोडी पुढे, हातात फोन धरून. सत्तावीस मिनिटे झाली होती. पट्टी ओलांडून त्या चार पावले पुढे गेल्या, मग कठड्यावर येऊन बसल्या. श्वास जाग्यावर यायला वेळ लागला.

“थांबले नाही कुठे,” त्या म्हणाल्या.

“नाही थांबलात.”

“वजन पण आता बसतंय. त्यांनी सांगितलेलं तेवढं.”

“हो.”

“मग आता घेतली असती ना?”

मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे आणि ते पूर्ण द्यायचे, असे मी छत्तीस वर्षे पाळले. त्या क्षणी मला दुसरे कोणतेही उत्तर चालले असते. पण मला दुसरे येत नव्हते.

“हो,” मी म्हणालो. “घेतली असती.”

“तेवढंच विचारायचं होतं.” त्या उठल्या, मला नमस्कार केला, वहिनींना सांभाळा म्हणाल्या.

आम्ही अजून मंगळवार, गुरुवार, शनिवार तिथे जातो. त्या पुन्हा आलेल्या नाहीत आणि येण्याचे त्यांना काही कारण नाही. औषधांच्या दुकानदाराने दोन-तीनदा विचारले, मग विचारणे सोडले.

शर्यतीच्या त्या दिवशी मी त्यांना शेवटचे पाहिले ते रस्त्यापलीकडे, कल्याणकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर. त्या रांगेत सर्वांत मागे उभ्या होत्या आणि त्यांचा एक हात डाव्या कुशीवर, बरगड्यांच्या जरा खाली, दाबून धरलेला होता. नवख्या माणसाला धावून आल्यावर तिथे कळ येते, आणि पाच-दहा मिनिटांत ती जाते, एवढे मी वाचले आहे. बस यायला अर्धा तास लागला. तोवर त्यांनी तो हात काढला नाही.